न बांधलेल्या घराचा पुरावा : मीस व्हान डेर रोह यांचे विटांचे ग्रामगृह

लुडविग मीस व्हान डेर रोह यांनी १९२४ मध्ये बर्लिनच्या कलाप्रदर्शनात मांडलेले विटांचे ग्रामगृह प्रत्यक्षात कधीच उभे राहिले नाही. मूळ रेखाटनेही उरलेली नाहीत. उपलब्ध आहेत ती त्यांची छायाचित्रे. एकात, सुट्या भिंतींमधून अवकाश प्रवाही करणारा तलनकाशा दिसतो. दुसऱ्यात यथार्थदर्शी चित्र. या दोहोंचे तपशील परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. शिवाय ग्रंथांतून छापला जाणारा सुबक नकाशा अनेकदा १९६० च्या दशकातील पुनर्रेखन असतो. वास्तुकलेच्या वर्गात त्यालाच १९२४ चा पुरावा मानून प्रतिकृती घडविली, तर विसंगती झाकली जाते आणि संशोधन तेथेच थांबते. विसंगती नेमकी कोठे आहे हे नोंदविणे, हेच अशा अभ्यासाचे खरे फलित होय.