व्यसनाचे नाटक आणि व्यथित प्रेक्षक

व्यसनाधीनतेवरील नाटकाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते. नायकाचा अधःपात शोकात्म मानावा काय, हा पहिला. आणि नाटकातील बोध कलेला मारक ठरला आहे काय, हा दुसरा. राम गणेश गडकरी ह्यांच्या 'एकच प्याला'संबंधी गेल्या शंभर वर्षांत जे लेखन झाले, त्यातील पुष्कळसे ह्या दोन प्रश्नांभोवतीच फिरत राहिले आहे. तिसरा एक प्रश्न मात्र कोणी फारसा विचारलेला दिसत नाही. ज्याच्या घरात ते व्यसन प्रत्यक्ष शिरून गेले आहे, असा मनुष्य ह्या नाटकापुढे बसला म्हणजे काय होते? आणि त्याला जे वाटते, त्याला समीक्षेत काही स्थान आहे काय?

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. 'एकच प्याला'तील काही प्रवेशांचा हिंदी अनुवाद करून तो येथे जबलपुरात एका घरगुती बैठकीत वाचण्याचा प्रसंग दोन वर्षांपूर्वी आला. श्रोते पंधरा-वीस, निम्मे मराठी, निम्मे हिंदी भाषक. जबलपूर हे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातील शहर असल्यामुळे येथील जुन्या मराठी घरांतून गडकऱ्यांचे नाव अजून जिव्हाळ्याने घेतले जाते. हिंदी श्रोत्यांना ते सर्वस्वी नवे होते. तळीरामाचे प्रवेश मी आधी घेतले. आर्य मदिरा मंडळातील ते अफाट तर्कशास्त्र हिंदीत उतरवताना माझी बरीच दमछाक झाली होती, आणि श्रोते खळखळून हसले तेव्हा अनुवादकाला जे समाधान वाटते ते मलाही वाटले. नंतर सिंधूचे प्रवेश झाले. मराठी मंडळींचे डोळे ओलावले. हिंदी श्रोत्यांपैकी एका तरुण प्राध्यापिकेने, ही बाई घर सोडून का जात नाही, असे स्पष्टच विचारले. ह्या दोन्ही प्रतिक्रिया अपेक्षित होत्या. अपेक्षित नव्हती ती तिसरी. मागे बसलेले एक निवृत्त गृहस्थ चर्चा संपत आल्यावर एवढेच म्हणाले, "सब हँसे, सब रोए। लेकिन इसमें बेचनेवाला कहाँ है?" त्यांचा मुलगा खोकल्याच्या औषधाच्या व्यसनात गेला होता, हे मला मागाहून कळले.

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. कोडीन हे अफूपासून मिळणारे द्रव्य काही खोकल्याच्या औषधांत असते, आणि नशेसाठी त्या बाटल्यांचा होणारा चोरटा व्यापार आमच्या शेजारच्या रीवा-सतना भागात गेली कित्येक वर्षे सर्वश्रुत आहे. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात, असे अनुमान काढलेले आहे. ह्याच मध्य प्रदेशात, मंदसौर आणि नीमच ह्या जिल्ह्यांत, सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्ये काढली जातात. तेव्हा त्या गृहस्थांचा प्रश्न हा नाट्यशास्त्राबाहेरचा असला, तरी अस्थानी खचित नव्हता.

आपले शास्त्र मात्र अशा प्रेक्षकाला दाराबाहेरच ठेवते. रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या विघ्नांची गणना करताना अभिनवगुप्ताने, स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापून गेलेल्या चित्ताचा स्पष्ट निर्देश केला आहे. ज्याचे मन आपल्या दुःखात गुंतले, त्याला साधारणीकरण कोठून साधणार? न. चिं. केळकर ह्यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची उपपत्तीही, वळणावळणाने, ह्याच ठिकाणी येऊन पोचते. वाचक परक्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला विसरत नाही; ह्या दुहेरी अवस्थेत आनंद आहे, असे ती सांगते. परंतु ती भूमिका जर परकी नसेलच, तर शिरायचे कोठे? सुधाकराच्या उंबरठ्यावर जो वर्षानुवर्षे उभाच आहे, त्याला समाधी लागत नाही. त्याला फक्त ओळख पटते.

ही उपपत्ती चुकीची आहे असे मला म्हणावयाचे नाही. ती सुखवस्तू मनाच्या प्रेक्षकाची उपपत्ती आहे, इतकेच. व्यसनाच्या नाटकापुढे दोन प्रकारचे प्रेक्षक बसतात: एक जो रस घेतो आणि दुसरा जो हिशेब तपासतो. नाटककाराने काय वगळले, हे पहिल्याला दिसत नाही. दुसऱ्याला तेच आधी दिसते.

'एकच प्याला'त काय वगळले आहे, ते आता पाहू. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी सावनेर येथे निवर्तले, आणि गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास पहिला प्रयोग केला तो फेब्रुवारीत; म्हणजे आपल्या प्रेक्षकांचे हसणे आणि रडणे ह्या नाटककाराने ऐकलेच नाही. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडस ह्यांचा सुधाकर आणि वि. सी. गुर्जरांची पदे ह्यांच्या योगाने ते नाटक पुढे मराठी माणसाच्या भावजीवनाचा भाग झाले. त्यातील दोषाची मांडणी मात्र अगदी एकेरी आहे. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते, मानी सुधाकराला ते सहन होत नाही आणि तळीराम पेला पुढे करतो. दोष पहिल्या प्याल्याचा, अभिमानाचा, दुर्बळ निश्चयाचा. दारू येते कोठून, तिच्यावर पैसा कोण करतो, हा विचार कथेच्या गाभ्यात नाही. आणि गडकऱ्यांना तो ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? १९०८ साली पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांवर निरोधन केले, तेव्हा आबकारीचे उत्पन्न आणि सरकार ह्यांचे नाते लहान मुलांनाही समजले होते. रंगभूमीवर १८७६ च्या कायद्याचा अंकुश होता, 'कीचकवधा'वरील बंदी ताजी होती. हे कारण असो वा नसो. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. १९१९ चा प्रेक्षक दारूचे दुकान स्वतःबरोबर नाट्यगृहात घेऊन येत होता. नाटकाने न सांगितलेला भाग तो आपल्या मनातून भरून काढीत असे. आजच्या श्रोत्यांजवळ तो भाग उरलेला नाही, म्हणून त्यांच्यापुढे उरतो तो केवळ एका हट्टी नवऱ्याचा आणि सोशिक बायकोचा संसार. त्या प्राध्यापिकेचा प्रश्न आणि त्या गृहस्थांचा प्रश्न हे एकाच उणिवेतून उद्भवले होते.

नेमका हाच वगळलेला विक्रेता ज्यांच्या केंद्रस्थानी आहे, अशा दोन अमेरिकन दूरदर्शन-मालिका अलीकडच्या काळात झाल्या. 'डोपसिक' (२०२१) आणि 'पेनकिलर' (२०२३) ह्या दोन्हींचा विषय एकच: पर्ड्यू फार्मा ह्या कंपनीने १९९६ साली बाजारात आणलेली ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी आणि तिच्या पाठोपाठ आलेला अनर्थ. व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याची ग्वाही देऊन ही गोळी खपवल्याबद्दल कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा केला. आणि अफूजन्य द्रव्यांच्या अतिसेवनाने त्या देशात २०२१ ह्या एका वर्षात सुमारे ८० हजार माणसे मेली. हे आकडे मनात ठेवून मालिका पाहणाऱ्याला क्रोध येतो, आणि तो योग्यच आहे. 'डोपसिक'मधला खेड्यातला डॉक्टर फिनिक्स (ही भूमिका मायकेल कीटन ह्यांनी केली आहे) मला सुधाकराचा दूरचा भाऊबंद वाटला. सज्जन, आपल्या कामात निष्ठावान, आणि अपघातानंतर त्याच गोळीच्या आहारी जाणारा. परंतु सुधाकराला पाहताना 'हा मीही होऊ शकेन' ह्या विचाराने जो थरकाप होतो, तो येथे होता होता राहतो. कारण मालिका दर थोड्या वेळाने आपल्याला कंपनीच्या दिवाणखान्यात नेते आणि 'हे ह्यांनी केले' असे दाखवून मोकळे करते. करुणेत प्रेक्षक स्वतः गुंततो. क्रोधात तो निर्दोष सुटतो. गडकऱ्यांनी दुकान वगळले, ह्या मालिकाकारांनी प्रेक्षकाला वगळले. दोहोंत अधिक नुकसान कशाने होते, हे सांगणे सोपे नाही. तथापि अनुवादकाच्या अनुभवावरून मला असे वाटते की करुणा एका भाषेतून दुसरीत नेता येते, तशी एखाद्या कंपनीविरुद्धची चीड नेता येत नाही. आमच्या बैठकीतील काहींनी 'डोपसिक' पाहिली होती. त्यांनी तिची स्तुती केली ती एखाद्या खटल्याच्या निकालाची करावी तशी.

'पेनकिलर'मध्ये एक गोष्ट मात्र अशी आहे की जिचा विचार नाट्यसमीक्षकाने करायलाच हवा. प्रत्येक भागाच्या आरंभी, ह्या व्यसनात मूल गमावलेली खरीखुरी आई किंवा बाप पडद्यावर येऊन, कथेतील काही भाग कल्पित असल्याची नेहमीची सूचना वाचतात आणि मग सांगतात की आपले मूल गेले, हे कल्पित नाही. अभिनवगुप्ताने ज्याला बाहेर ठेवले, त्या प्रेक्षकाला येथे सूत्रधाराच्या जागी आणून बसवले आहे! ही युक्ती म्हणून मी तिचे कौतुक करणार नाही. त्या दोन-तीन मिनिटांपुढे नंतरचा सारा चकचकीत कथाभाग फिका पडतो, आणि नांदीने नाटकाला खाऊन टाकावे हे नाटकाचे अपयशच होय. पण कोणाची साक्ष टाळून हे नाटक होऊ शकत नाही, हे त्या मालिकाकर्त्यांना कळले होते, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

ही साक्ष नाहीशी झाली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण अमेरिकेच्याच रंगभूमीवर आहे. 'द ड्रंकर्ड' हे मद्यपाननिषेधाचे नाटक १८४४ साली बोस्टनमध्ये प्रथम झाले, तेव्हा ते पाहून प्रेक्षक ढसढसा रडत. तेच नाटक १९३३ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा रंगभूमीवर आले आणि १९५९ पर्यंत चालले. परंतु आता प्रेक्षक बिअर पीत त्याच संवादांना हसत होते. शब्द तेच, दारूही तीच. हसण्याजोगे झाले होते ते दुःख, कारण ते कोणाचे उरले नव्हते. 'एकच प्याला'वर ही वेळ अजून आली नाही, ह्याचे श्रेय आपण बालगंधर्वांच्या सुरांना देतो. माझ्या मते त्यातला अर्धा वाटा प्रेक्षागृहात मागे बसलेल्या त्या अबोल माणसांचा आहे, ज्यांच्यामुळे शेजारच्याला फार मोठ्याने हसता आले नाही.

तळीरामाबद्दलही येथेच बोलले पाहिजे. त्याचा विनोद नाटकाच्या गांभीर्याला बाधक आहे, हा आक्षेप जुना आहे आणि मला तो कधीच पटला नव्हता. व्यसनी माणसाची बुद्धी किती चपळ असते, स्वतःचे समर्थन करताना ती किती सर्जनशील होते, हे तळीरामाइतके मराठीत दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. त्या गृहस्थांनीही आक्षेप हास्यावर घेतला नव्हता. उलट, "ऐसे ही बोलता था," असे ते तळीरामाबद्दल म्हणाले. ज्याला शास्त्र रसास अपात्र ठरवते, त्यानेच ह्या पात्राचे सर्वांत नेमके वाचन केले, हे मला लपवता येत नाही.

बैठक संपल्यावर त्यांनी माझी हस्तलिखित प्रत मागितली. आठवड्याने ती परत आली तेव्हा तिच्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या सगळ्या भगीरथाच्या प्रवेशांवर. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला आणि रामलालच्या सहवासात तिच्यातून सुटलेला हा तरुण आपल्या समीक्षेने उपकथानकातला एक दुवा म्हणून सोडून दिलेला आहे. मीही त्याचे संवाद घाईनेच अनुवादले होते. गडकऱ्यांनीही त्याची सुटका घाईनेच उरकली आहे, सुधाकराच्या पतनाला जेवढी पाने दिली तिच्या दशांशही नाहीत. एका खुणेशेजारी समासात लिहिले होते, "यह कैसे छूटा, ज़रा ठीक से लिखिए।" मूळातच ते नीट लिहिलेले नाही, असे मी त्यांना कळवले. तो प्रवेश मी त्यानंतर दोनदा नव्याने अनुवादला आहे.