साहसकथेत हरवलेले संशोधन

काही दिवसांपूर्वी पाटणच्या एका शाळेत भूगोलाच्या तासाला बसण्याचा योग आला. ‘शास्त्रज्ञ जिथे जाऊन काम करतात अशी एखादी अवघड जागा सांगा,’ असे मी मुलांना विचारले. एकमुखाने उत्तर आले, ‘अंटार्क्टिका!’ तिथे काय असते? बर्फ, पेंग्विन, लांबच लांब रात्र. ‘आणि शास्त्रज्ञ तिथे काय मोजतात?’ या प्रश्नावर मात्र वर्ग शांत झाला. यात दोष मुलांचा नाही. आपण त्यांच्या हाती जे वाचायला देतो, त्याचा आहे.

दुर्गम प्रदेशांतील संशोधनावरचे आपल्याकडील लोकप्रिय लेखन बहुधा एकाच साच्यातून निघते. जहाज सुटते, वादळ येते, बोटे बधिर होतात आणि शेवटी तिरंगा फडकतो. हे लेखन रंजक असते, प्रामाणिक असते, मुले ते आवडीने वाचतात, ही त्याची जमेची बाजू. परंतु प्रवासाला पानेच्या पाने आणि कामाला दोन ओळी, असे त्याचे प्रमाण असते. वाचकाला थंडी कळते, पण माणसे ती थंडी सोसायला गेली कशासाठी, हे कळत नाही.

भारताच्या 1983-84 मधील तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेचेच पाहा. ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे तिथले पहिले केंद्र याच मोहिमेत उभे राहिले. अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ याच मोहिमेतल्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘पहिल्या महिला’ एवढीच नोंद सापडते. पंत या आपल्या सातारा जिल्ह्यातील औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. सागरी शैवाल हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. त्यांना समुद्राकडे ओढले ते अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने. हार्डी स्वतः 1925 ते 1927 या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिणेकडील समुद्रात जाऊन आलेले. तरी या पुस्तकाच्या पहिल्या भागाचा विषय आहे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. ते जाळ्यात कसे पकडायचे, कोणत्या खोलीवर कोणते सापडतात, रात्री ते वर का येतात, हे सारे त्यात येते. एका तरुण वाचकाला आयुष्याची दिशा द्यायला हे पुरले, ही गोष्ट आपल्या विज्ञानलेखकांनी ध्यानात घ्यावी.

या मोहिमेचे नेते होते हर्ष गुप्ता. पाटणच्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक असायला आणखी एक कारण आहे. बी. के. रस्तोगी यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘डॅम्स अँड अर्थक्वेक्स’ हा ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध झाला. तो तज्ज्ञांसाठी आहे, भाषा रुक्ष आहे, मुलांच्या हाती देण्याजोगा तो नाही. मात्र साहसकथेत जे हरवते ते त्यात आहे. धरणात पाणी साठल्याने भूकंप होतात का, हा त्यातला प्रश्न. आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता आणि आपले कोयना यांची तुलना करून तो तपासला जातो.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाची तीव्रता 6.3 होती, पावणेदोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. पाटण तालुक्यातील वडीलधाऱ्यांना ती पहाट अजून आठवते. त्यानंतर धक्के थांबलेच नाहीत. ते सुमारे 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात होतात आणि त्यांची केंद्रे बहुधा दहा किलोमीटरपेक्षा कमी खोल असतात. एवढी लहान, एवढी उथळ जागा म्हणजे भूकंपाच्या उगमाजवळ उपकरण उतरवण्याची दुर्मीळ संधी. म्हणून येथे खोल विवरे घेण्यात आली. रासाटी येथे बेसॉल्टचे थर सुमारे 930 मीटर जाड निघाले आणि त्यांच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा कठीण पायाभूत खडक लागला. मध्ये गाळाचा खडक सापडला नाही. गोठणे येथील विवर 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल गेले. कराडजवळ हजारमाची येथे या कामासाठी प्रयोगशाळाच उभी आहे. पाण्याचे ओझे खडकातील ताणापुढे किरकोळ असताना भूकंप का होतात? भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब खडकांची परस्परांवरील पकड सैल करतो का? शोध चालू आहे तो याचा.

येथे पेंग्विन नाही. आहे तो सह्याद्रीचा पाऊस, रात्रंदिवस फिरणारे वेधनयंत्र, वर काढलेल्या खडकाच्या कांड्यांवर क्रमांक घालणारी माणसे. हे लिहायला अवघड आहे खरे. परंतु तीन किलोमीटर खाली उपकरण उतरवणे हे बर्फावर तंबू ठोकण्याहून कमी साहसाचे कसे म्हणावे?

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मोहिमेवरचा कोणताही लेख वर्गात वाचून झाला की मुलांना चार प्रश्न विचारावेत. हीच जागा का निवडली? काय मोजले? शंका कोणती होती? कष्ट कोणाचे होते? उत्तरे मिळाली नाहीत, तर तो लेख प्रवासवर्णन म्हणून खुशाल वाचावा. पाटणच्या मुलांनी मात्र हे प्रश्न आधी आपल्या पायाखालच्या जमिनीविषयी विचारावेत.