शायलॉक आणि शनवार तेली

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील शायलॉक हा यहुदी सावकाराचा कायमचा ठसा होऊन बसला आहे. पण एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. पहिल्या एडवर्डनें १२९० सालीं यहुद्यांस इंग्लंडांतून हद्दपार केलें, व १६५६ पर्यंत त्यांस तेथें उघडपणें राहतां येत नव्हतें. म्हणजे १६०० च्या सुमाराच्या बहुतेक प्रेक्षकांनीं यहुदी मनुष्य कधीं ओळखीचा म्हणून पाहिलाच नसेल. तरी तो कसा असतो, याविषयीं त्यांस शंका नव्हती!

याच्या उलट आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. हाहि शिक्काच, परंतु तो डोळ्यांनीं पाहून मारलेला. ऐकीव ठशांत जो द्वेष मुरतो, तो यांत मुरला नाहीं.

तिसऱ्या अंकांत शेक्सपिअरची प्रतिभा हा ठसा क्षणभर फोडते, आणि शायलॉक हाडामांसाचा माणूस होऊन बोलूं लागतो. मात्र चौथ्या अंकांत त्याच्यावर ख्रिस्ती होण्याची सक्ती होते, आणि तरीहि नाटक सुखान्त म्हणविलें जातें. त्या सुखांत आपण सामील व्हावें काय, हा प्रश्न वाचकानें टाळूं नये.