धूर कुठला, अनुदान कुठे?

चिकलठाण्याहून जालना रस्त्याने निघाले, की तासाभरात जालन्याच्या पोलादभट्ट्या लागतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले; त्यातले ४५५ कोटी रुपये पोलाद उद्योगातील प्रायोगिक प्रकल्पांसाठी आहेत. त्यामागचे रसायनशास्त्र बिनचूक आहे. लोहखनिजाचे क्षपण कार्बनने केले तर कार्बन डायऑक्साइड निघतो, हायड्रोजनने केले तर पाण्याची वाफ.

पण जालन्याच्या इंडक्शन भट्टीत क्षपण होतच नाही. तिथे भंगार आणि आधीच क्षपण झालेले स्पंज लोखंड विजेवर वितळते. टनामागे सुमारे ६०० युनिट वीज लागते. युनिटमागे ०.७ किलो ही देशाची ढोबळ सरासरी धरली, तर ४२० किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तो भट्टीतून नव्हे, दूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो.

२०२५ मध्ये सुरू झालेली ‘अदिती’ योजना ऊर्जा वाचवणारी यंत्रे घेणाऱ्या लघुउद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के सवलत देते. तिने युनिटे कमी होतील. उरलेली वीज मात्र कोळशाचीच राहील. म्हणून अशा भट्ट्यांसाठीचा पैसा आधी स्वच्छ विजेकडे वळायला हवा.

शिक्षकांनी हाच गुणाकार शाळेच्या वीजबिलावर करून घ्यावा. अनुदानाचा आकडा वाचण्याआधी धूर कुठून निघतो हे विचारण्याची सवय मुलांना त्यातून लागेल.