विस्मृतीची चार कारणे : उपेक्षित अभिजात परदेशी चित्रपटांच्या निमित्ताने

बीजसंज्ञा : अभिजात चित्रपट, उपेक्षा, वितरण, आस्वाद, अध्यापन

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर चित्रपटाचा आस्वाद हा विषय आता नवा राहिलेला नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाची स्थापना १९५९ साली झाली, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले आणि मुंबईत प्रभात चित्र मंडळाचे कार्य १९६८ पासून सुरू झाले. या व अशा संस्थांमुळे महाराष्ट्रात जागतिक चित्रपट गांभीर्याने पाहण्याची एक परंपरा निर्माण झाली. या परंपरेने आपल्याला दृष्टी दिली, तशीच एक यादीही दिली. 'बॅटलशिप पोटेम्किन', 'सिटिझन केन', 'बायसिकल थीव्हज', 'राशोमोन', 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' ही नावे बहुतेक सर्व आस्वाद-शिबिरांत पुन्हा पुन्हा भेटतात. या चित्रपटांच्या थोरवीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो यादीबाहेर राहिलेल्या चित्रपटांचा.

प्रस्तुत लेखिकेने स्वतः काही वर्षे वर्गात हीच यादी वापरली. एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, "मॅडम, या पाच-सहा चित्रपटांपलीकडे चांगले काही झालेच नाही का?" त्या वेळी दिलेले उत्तर असे होते, की काळाच्या चाळणीतून जे उरले ते आपण पाहतो, जे गळून गेले ते गळण्याजोगेच असावे. हे उत्तर चुकीचे होते. काळ स्वतः कोणतीही चाळणी हाती धरीत नाही. ती बाजारपेठेच्या, राज्यसत्तेच्या, वितरकांच्या आणि कायद्याच्या हाती असते. प्रस्तुत लेख हा त्या चुकीच्या उत्तराच्या दुरुस्तीचा प्रयत्न आहे. त्यासाठी चार वेगवेगळ्या कारणांनी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या चार चित्रपटांचा विचार येथे केला आहे. हे चित्रपट सहकारी प्राध्यापकांनी पाहावेत व विद्यार्थ्यांना दाखवावेत, अशी शिफारसही त्यात अभिप्रेत आहे.

१) बाजारपेठेचा नकार : 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७)

लिओ मॅकरी हे हॉलिवूडमध्ये विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम होते. आर्थिक महामंदीच्या काळात त्यांनी पॅरामाउंटसाठी एका वृद्ध दांपत्याची कथा पडद्यावर आणली. घर बँकेच्या ताब्यात जाते. पाच मुलांपैकी दोघांना एकत्र ठेवून घेण्यास कोणीही तयार होत नाही. आई मुलाकडे न्यूयॉर्कमध्ये राहते, वडील दूरच्या गावी मुलीकडे. पन्नास वर्षांचा संसार अशा रीतीने वाटला जातो.

हा विषय मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस' (१९५४) या चित्रपटात आई-वडिलांच्या अशाच वाटणीची कथा आहे आणि 'बागबान' (२००३) या हिंदी चित्रपटामुळे ती घराघरांत पोहोचली. मात्र 'बागबान'मध्ये मुले दुष्ट ठरतात आणि प्रेक्षक आपण तसे नाही या समाधानात घरी जातो. मॅकरी प्रेक्षकाला ही सुटका देत नाहीत. त्यांच्या चित्रपटातील मुले दुष्ट नाहीत; ती अडचणीत असलेली, थोडी स्वार्थी, थोडी लज्जित अशी सामान्य माणसे आहेत. सून घरी ब्रिजचा वर्ग घेते, त्या वेळी सासूची झुलती खुर्ची मध्येच करकरते. त्यातच तिला पतीचा दूरध्वनी येतो. ती भर दिवाणखान्यात मोठ्या आवाजात बोलू लागते. पत्ते खेळणारी मंडळी आधी अवघडतात, मग एकेक करून गप्प होतात. कॅमेरा कोणालाही दोष देत नाही. आपल्याला सासूचीही दया येते आणि सुनेचाही संकोच समजतो. ही दुहेरी सहानुभूती साधणे अत्यंत कठीण असते.

शेवटच्या भागात दोघांना न्यूयॉर्कमध्ये काही तास एकत्र मिळतात. मधुचंद्राच्या वेळी ज्या हॉटेलात ती उतरली होती, तेथे ती जातात. ती नृत्यासाठी उभी राहतात तेव्हा वाद्यवृंद वेगवान धून वाजवीत असतो. वृंदप्रमुखाचे लक्ष त्यांच्याकडे जाते आणि तो जुन्या वळणाचे संथ वॉल्ट्झ सुरू करतो. एका अनोळखी माणसाला जे सुचते, ते पोटच्या मुलांना सुचत नाही, एवढेच मॅकरी दाखवतात. त्यानंतर रेल्वे स्थानकावरील निरोप येतो. आपण वृद्धाश्रमात जाणार आहोत, हे पत्नीने पतीपासून लपवलेले असते.

निर्मात्यांना सुखान्त हवा होता. मॅकरी यांनी तो नाकारला. चित्रपटाला प्रेक्षक लाभला नाही आणि पॅरामाउंटशी असलेला त्यांचा संबंधही तुटला. त्याच वर्षीच्या 'द ऑफुल ट्रुथ' या विनोदी चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा पारितोषिक चुकीच्या चित्रपटाला दिले गेले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. पुढे ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'च्या (१९५३) जडणघडणीत या चित्रपटाची प्रेरणा होती, हे सर्वमान्य झाले. 'टोकियो स्टोरी' आपल्या यादीत आहे. तिचा पूर्वज मात्र नाही. पहिल्या आठवड्यांतील तिकीटविक्रीने दिलेला निकाल आपण कलेचा निकाल मानून चाललो, असेच म्हणावे लागेल.

२) राजकारणाचा नकार : 'स्प्रिंग इन अ स्मॉल टाउन' (१९४८)

फेइ मू या चिनी दिग्दर्शकाच्या या चित्रपटात अवघी पाच पात्रे आहेत. जपानी आक्रमणानंतरच्या एका लहान गावात, पडझड झालेल्या वाड्यात, आजारी व खचलेला पती, त्याची पत्नी युवेन, त्याची शाळकरी बहीण आणि एक जुना नोकर राहतात. एके दिवशी पतीचा डॉक्टर मित्र पाहुणा म्हणून येतो. तो युवेनचा पूर्वीचा प्रियकर असतो. घटना म्हणावी तर एवढीच.

या चित्रपटाचे सामर्थ्य संयमात आहे. युवेन रोज बाजाराची टोपली घेऊन गावाच्या मोडक्या तटबंदीवर फिरते. ती तटबंदी हे तिच्या मोकळेपणाचे एकमेव ठिकाण आहे आणि तेच तिच्या कोंडीचेही चिन्ह आहे. तिचे निवेदन चित्रपटभर ऐकू येते. परंतु ते नेहमीच्या निवेदनासारखे नाही. ती स्वतः जेथे उपस्थित नाही, त्या प्रसंगांचेही ती वर्णन करते. त्यामुळे आपण घडणारे पाहतो आहोत, आठवलेले पाहतो आहोत की मनात योजलेले, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. मराठीत निवेदनशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. एकाच प्रसंगात दिग्दर्शक दृश्ये एकमेकांत विरघळवतो. वेळ फारसा पुढे गेलेला नसतो, स्थळही तेच असते. तरी मनातल्या मनात काहीतरी सरकल्याचे जाणवते. गावात मध्यरात्री वीज जाते आणि त्यानंतरची संभाषणे मेणबत्तीच्या उजेडात होतात. बंद दाराची काच युवेन मुठीने फोडते, तो क्षण वगळता भावनेचा उघड उद्रेक फारसा कोठे नाही. सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४) ज्यांना प्रिय आहे, त्यांना हा चित्रपट जवळचा वाटेल.

हा चित्रपट प्रदर्शित झाला त्यानंतर थोड्याच काळात, १९४९ मध्ये, चीनमध्ये साम्यवादी सत्ता आली. वर्गसंघर्षाविषयी काही न बोलणारी, मध्यमवर्गीय मनाची ही कथा नव्या व्यवस्थेला प्रतिगामी वाटली. फेइ मू हाँगकाँगला गेले व १९५१ मध्ये तेथेच निधन पावले. चित्रपट जवळजवळ तीन दशके दृष्टीआड राहिला. १९८० च्या दशकात त्याची प्रत पुन्हा पडद्यावर आली, २००२ मध्ये तिआन झुआंगझुआंग यांनी त्याची नवी आवृत्ती काढली आणि २००५ मध्ये हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांच्या निमित्ताने निवडलेल्या शंभर चिनी चित्रपटांत त्याला पहिले स्थान मिळाले. चित्रपटातील एकही चौकट या काळात बदलली नव्हती.

३) चौकटीबाहेरचे रूप : 'द हाउस इज ब्लॅक' (१९६३)

फरोग फर्रुखजाद या आधुनिक फारसी कवितेतील अग्रगण्य कवयित्री. इराणमधील तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवर त्यांनी सुमारे २२ मिनिटांचा एक माहितीपट केला. त्यांनी दिग्दर्शित केलेली ही एकमेव महत्त्वाची कृती. १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

या लघुपटात दोन आवाज आहेत. एक पुरुषाचा, जो रोगाची वैद्यकीय माहिती देतो आणि तो असाध्य नाही हे सांगतो. दुसरा स्वतः कवयित्रीचा, ज्यात धर्मग्रंथांतील वचने आणि तिची कविता एकत्र येतात. एकीकडे शास्त्र व दुसरीकडे प्रार्थना अशी ही रचना आहे आणि दोहोंपैकी एकही दुसऱ्याला खोटे पाडत नाही. एक माणूस भिंतीलगत येरझाऱ्या घालतो व आवाज केवळ वारांची नावे उच्चारतो. त्या वसाहतीतील काळ यापेक्षा नेमका सांगता आला नसता. वर्गातील प्रसंगात गुरुजी एका मुलाला काही कुरूप गोष्टींची नावे सांगायला सांगतात आणि तो स्वतःच्या अवयवांची नावे घेतो. वर्ग हसतो. हे हसू दयेच्या भावनेला जागाच ठेवत नाही. ही माणसे आपल्या करुणेची वाट पाहत बसलेली नाहीत, हे प्रेक्षकाला उमगते.

वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिलेल्या महाराष्ट्रात कुष्ठरोगाच्या प्रश्नाला सामाजिक व वैचारिक इतिहास आहे. बाबा आमटे यांच्या कार्यातील जो आग्रह होता, म्हणजे रुग्णाला दयेपेक्षा प्रतिष्ठेची गरज आहे हा, तोच आग्रह येथे चित्रभाषेत प्रकट झालेला दिसतो. समाजशास्त्र, समाजकार्य व साहित्य या तिन्ही विभागांना हा लघुपट एकत्र दाखविता येईल. तरीही तो आपल्या यादीत सहसा नसतो. तो पूर्ण लांबीचा नाही, कथापट नाही, दिग्दर्शिकेच्या नावावर चित्रपटांची मालिका नाही. जर्मनीतील ओबरहाउझेन महोत्सवात त्याचा गौरव झाला असला, तरी 'एका दिग्दर्शकाचे अनेक चित्रपट' या मापाने इतिहास लिहिणाऱ्यांना तो कोठे ठेवावा हेच कळले नाही.

४) हक्कांचा अडसर : 'किलर ऑफ शीप' (१९७७)

चार्ल्स बर्नेट यांनी हा चित्रपट लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर पदवीचा प्रबंध म्हणून केला. खर्च दहा हजार डॉलरपेक्षाही कमी होता. वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीतील स्टॅन कत्तलखान्यात काम करतो. त्याला झोप लागत नाही. कथानकाचा सलग धागा नाही. मुले एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारतात. स्टॅन व त्याचा मित्र जिना उतरवून मोटारीचे जुने इंजिन मोठ्या कष्टाने गाडीवर चढवतात आणि गाडी सुरू होताच ते मागे रस्त्यावर पडते. दारिद्र्याविषयी एकही भाषण न करता दारिद्र्यात श्रम कसे वाया जातात, हे या एका प्रसंगातून कळते.

चित्रपटात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. ते घेण्याइतके पैसे विद्यार्थ्याजवळ असणे शक्यही नव्हते. परिणामी चित्रपटगृहांत त्याचे रीतसर प्रदर्शन होऊ शकले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत १९९० साली समावेश होऊनही सर्वसामान्य प्रेक्षकाला तो दुर्मीळच राहिला. विद्यापीठाच्या संग्रहालयाने प्रतीचे पुनरुज्जीवन केले, गाण्यांचे हक्क मूळ निर्मितिखर्चाच्या कित्येक पट रकमेला घेण्यात आले आणि २००७ मध्ये, सुमारे तीस वर्षांनी, तो प्रदर्शित झाला.

यादी आणि अध्यापक

यादी ही स्थिर वस्तू नसते, याचा पुरावा यादीकर्त्यांनीच दिलेला आहे. ब्रिटनमधील 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. १९५२ मध्ये पहिले स्थान 'बायसिकल थीव्हज'ला मिळाले, १९६२ ते २००२ या पाचही कौलांत 'सिटिझन केन'ला आणि २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'ला. २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा 'झान डीलमन' (१९७५) प्रथम आला. स्त्री-दिग्दर्शकाचा चित्रपट पहिल्या स्थानी येण्याची ती पहिलीच वेळ. त्याच कौलात 'किलर ऑफ शीप' पहिल्या शंभरांत आहे. चित्रपट तेच राहिले. ते कोणाला पाहायला मिळतात आणि मत कोणाला विचारले जाते, हे बदलले.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. वर्षातून चार-पाच चित्रपट दाखविण्याची सोय असेल, तर ते सर्वमान्य असावेत, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. त्यात तथ्य आहे. विद्यार्थ्याला 'राशोमोन' ठाऊकच नसावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु सर्वमान्य चित्रपट विद्यार्थी पाहतो तेव्हा त्याच्या थोरवीचा निर्णय आधीच झालेला असतो. विद्यार्थ्याकडे केवळ होकार देण्याचे काम उरते. अल्पपरिचित चित्रपट पाहताना त्याला स्वतःचे मत बनवावे लागते. 'मेक वे फॉर टुमॉरो' वर्गात दाखविल्यानंतर मुले दोषी की परिस्थिती, यावर जो वाद झाला, तो तासाची घंटा झाल्यावरही थांबला नाही. त्यात काही विद्यार्थी सुनेच्या बाजूने बोलत होते. पुस्तकातले मत उपलब्ध नसल्यामुळेच हे घडले.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. चित्रपटाची उपेक्षा हा त्याच्या गुणवत्तेचा निकाल नसतो. बाजारपेठ, राजकारण, रूपाविषयीचे पूर्वग्रह आणि कायदेशीर अडथळे हे तिचे प्रत्यक्ष कारण असू शकतात.

२. उपेक्षित चित्रपट पुन्हा पुढे येतो तो आपोआप नव्हे. कोणीतरी प्रत जपलेली असते, कोणीतरी हक्क मिळवलेले असतात, कोणीतरी तो दुसऱ्याला आवर्जून दाखवलेला असतो.

३. महाविद्यालयातील अध्यापक हा या साखळीतील एक दुवा आहे. प्रत्येक आस्वाद-सत्रात मान्यवर चित्रपटांच्या जोडीला किमान एक अल्पपरिचित चित्रपट ठेवावा व तो अपरिचित का राहिला, याचीही चर्चा व्हावी.

त्या विद्यार्थिनीला आता द्यावयाचे उत्तर असे आहे : चांगले पुष्कळ झाले; आपल्यापर्यंत ते पोहोचले नाही आणि पोहोचवणाऱ्यांत आम्हीही कमी पडलो. तिची तुकडी आता महाविद्यालयातून बाहेर पडली आहे. पुढच्या तुकडीला तरी हे उत्तर वेळेवर मिळावे.