प्रकल्प-अहवालातील ‘चाचणी’ प्रकरण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : वेब ॲप्लिकेशन, स्थानिक मांडणी, स्वयंचलित चाचणी, देवनागरी विदा

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील अंतिम वर्षाचा प्रकल्प-अहवाल हा आता एक रूढ लेखनप्रकार झाला आहे. उद्दिष्टे, आकृत्या, पडद्यांची छायाचित्रे आणि शेवटी ‘चाचणी’ असा त्याचा ठरलेला क्रम असतो. या शेवटच्या प्रकरणात बहुधा एक तक्ता आढळतो : दिलेली माहिती, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात सर्वत्र ‘यशस्वी’. एकही अपयश न नोंदविणारा हा तक्ता अनेकदा अहवाल बांधणीस देण्याच्या आदल्या दिवशी लिहिला जातो, हे मार्गदर्शक जाणतो आणि बहिःस्थ परीक्षकही जाणतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत असे चालत नाही. निदान चालू नये, असे मानले जाते. चाचणी यंत्रावर पुनःपुन्हा चालविता आली पाहिजे आणि त्यासाठी विद्यार्थ्याच्या संगणकावर प्रकल्पाची नीट मांडणी आधी हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्थानिक मांडणी :

वेब ॲप्लिकेशन चालण्यास सर्व्हर, डेटाबेस आणि आज्ञावलीची भाषा ही तीन अंगे लागतात. २००२ साली आलेल्या ‘झॅम्प’ या मोफत संचाने ती एकत्र दिली आणि महाजालाची जोडणी नसतानाही ‘लोकलहोस्ट’ या पत्त्यावर संपूर्ण संकेतस्थळ उभे करता येऊ लागले. त्या दशकात परळीला औष्णिक वीजकेंद्र असूनही जिल्ह्याने भारनियमन सोसले. तेथे या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि सोय आणि शिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतील विंडोज संगणक फाइलच्या नावातील लहान-मोठे रोमन अक्षर सारखेच मानतो, लिनक्स सर्व्हर मानत नाही. परिणामी प्रयोगशाळेत उघडणारे पान सर्व्हरवर सापडत नाही. जुन्या मायएसक्यूएलमध्ये लॅटिन ही मूळ वर्णव्यवस्था होती. २०१८ च्या आठव्या आवृत्तीत ती बदलली. तोवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा अनेकांनी पाहिल्या आहेत. ‘माझ्या संगणकावर चालते’ हे विद्यार्थ्याचे उत्तर खरे असते. अडचण अशी की, त्या संगणकावर नेमके काय बसविले आहे, कोणती आवृत्ती आहे, याची नोंद अहवालात कोठेही नसते.

एक उदाहरण :

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे राहणाऱ्या मुलांची शाळा सुटू नये यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. अशा वसतिगृहाची नोंदवही संगणकावर आणण्याचा प्रकल्प विद्यार्थ्याने पीएचपी भाषेत केला, असे समजू.

शिक्षक मोबाइलच्या मराठी कळफलकावरून मुलाचे वय ‘११’ असे देवनागरी अंकांत भरतो. पीएचपीमध्ये या मजकुराचे थेट पूर्णांकात रूपांतर केल्यास उत्तर शून्य येते. सहा ते चौदा वर्षांची अट असेल तर अर्ज नाकारला जातो. अट नसेल तर शून्य वर्षांचे मूल नोंदविले जाते. यांपैकी दुसरी चूक अधिक वाईट म्हणावी लागेल, कारण ती कोणाला दिसत नाही.

नावाचेही तसेच. वाचकाच्या दृष्टीने ‘बीड’ हा दोन अक्षरी शब्द आहे. युनिकोडमध्ये ती तीन चिन्हे आणि यूटीएफ-८ या लेखनात नऊ बाइट होतात. पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ हे कार्य बाइट मोजते. तीसची मर्यादा घातली की दहा चिन्हांपलीकडचे मराठी नाव बाद. त्याहून नाजूक बाब ‘कुऱ्हाडे’ या आडनावाची आहे. यातील ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिला जातो : एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असते, दुसरीत साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. शोध घेतल्यावर मूल सापडेल की नाही, हे डेटाबेसच्या तुलनानियमावर ठरते, आणि तो नियम प्रयोगशाळेत एक व सर्व्हरवर दुसरा असू शकतो. जिल्ह्यातील तालुके अकरा. परंतु आष्टी वर्धा जिल्ह्यातही आहे आणि शिरूर पुण्यातही. स्थलांतरितांच्या नोंदीत तालुक्याचे केवळ नाव साठविणे म्हणजे घोटाळ्यास आमंत्रण होय.

रूढ तक्त्यात यांपैकी एकही बाब येत नाही. त्यात चुकीचा पासवर्ड दिला असता प्रवेश नाकारला, एवढे मात्र असते.

स्वयंचलित चाचणीचे स्वरूप :

केंट बेक व एरिक गामा यांच्या १९९७ च्या ‘जेयुनिट’पासून रूढ झालेली पद्धत साधी आहे. चाचणीही आज्ञावलीच्या रूपात लिहावयाची. प्रत्येक चाचणीपूर्वी वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसात नमुना विदा भरावा, एक कृती करावी, निकाल तपासावा, सर्व पुसून टाकावे. पीएचपीसाठी ‘पीएचपीयुनिट’ हे साधन मोफत उपलब्ध आहे. ब्राउझर हाताळणारे ‘सेलेनियम’ २००४ पासून आहे. नमुना विदा कल्पित असावा. प्रत्यक्ष मुलांची नावे विद्यार्थ्याच्या संगणकात उतरवून घेणे गैर आहे, आणि हे अनेकदा केवळ वेगळ्या डेटाबेसच्या अभावी घडते.

एवढा वेळ कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. एका सत्रात आज्ञावलीच कशीबशी पुरी होते. परंतु वरील उदाहरणासाठी चार-पाच चाचण्या पुरतात, आणि बिनकामाच्या तक्त्यावर जाणारी पाने वाचतात. खरा अडथळा गुणदानाचा आहे. आज गुण अहवालाच्या प्रकरणांना मिळतात.

मौखिक परीक्षेत परीक्षकाने प्रकल्प दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर उभा करण्यास सांगावे. सूचनापत्रकात नसलेली एकही गोष्ट तोंडी सांगू देऊ नये. नंतर वयाची अट तपासणारी ओळ स्वतः पुसून सर्व चाचण्या पुन्हा चालवाव्यात. एखादी चाचणी अयशस्वी झाली तर ‘चाचणी’ प्रकरणाचे गुण द्यावेत. सर्व यशस्वी झाल्या तर देऊ नयेत.