‘गुलामगिरी’ आणि शिक्षकाचा प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना ती अर्पण केलेली आहे. या अर्पणपत्रिकेचा गौरव आपण नेहमी करतो. मुक्तीनंतर त्या गुलामांना शिकविले कोणी, हे मात्र सहसा विचारीत नाही. त्यांच्यासाठी १८६५ साली निघालेल्या सरकारी खात्याने शाळांच्या इमारतींना साहाय्य केले. शिक्षक बव्हंशी उत्तरेकडील मिशनरी व धर्मादाय संस्थांनी धाडले. पुढे फिस्क, हॅम्पटन यांसारख्या संस्थांतून मुक्त झालेल्यांमधूनच शिक्षक घडू लागले. ते खाते १८७२ साली बंद झाले.

‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेत जोतीराव गावोगावी शूद्रांसाठी शाळा मागतात आणि ब्राह्मण पंतोजी नकोत, असे एका दमात सांगून टाकतात. वाक्य धारदार खरे, पण आम्हांस ते अपुरे वाटते. पंतोजी नको, तर कोण? शिवाय लेखकाच्या स्वानुभवाशीही ते पुरते जुळत नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा भरली ती भिड्यांच्या वाड्यात; गोवंडे, परांजपे हे त्यांचे साहाय्यक होते. शिक्षिका मात्र घरातच घडवावी लागली, त्या सावित्रीबाई.

या प्रश्नाचे उत्तर नऊ वर्षांनी, १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात मिळते. येथे आवेश ओसरला आहे, तपशील आला आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. नांगराची मूठ वा सुताराचा वाकस धरण्याची त्यांना लाज वाटू नये. वेतन १२ रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी १५ ते २० असावे. गावचे टपाल, दस्तनोंदणी, स्टॅम्पविक्री अशी कामे सोपवून त्यांची मिळकत व वजन वाढवावे. ‘पद रिक्त’ हा शेरा शासकीय सेवेत वर्षानुवर्षे वाचलेल्या आम्हांस या रुक्ष कलमांत जो जिव्हाळा जाणवतो, तो ‘गुलामगिरी’तील धोंडिबाच्या संवादांतही क्वचितच जाणवतो. (संवादप्रेमी वाचकांनी क्षमा करावी.)

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ आपल्यापासून तुटला आणि सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. मराठी शिकविणारा माणूस कोठून आणावयाचा, ही विवंचना आपल्या घरांना नवी नाही. तेव्हा सावरगावच्या वाचकाने ते निवेदन आधी वाचावे आणि ‘गुलामगिरी’ मागाहून, अशी आमची शिफारस आहे.